हातांपासून सुरुवात: तांग आणि सुंग काळातील दरबारी संगीतचित्रे कशी पाहावीत

चीनमधील राजदरबारी संगीताची जुनी चित्रे पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा एकच फजिती होते. काळवंडलेले रेशीम, त्यावर जवळजवळ एकाच चेहऱ्याच्या बायका ओळीने बसलेल्या, कोणाच्या हातात वाद्य, कोणाच्या हातात पेला. दोन मिनिटांत सगळे पाहून झाल्यासारखे वाटते आणि नजर पुढे सरकते. चित्र सुंदर होते एवढेच मनात राहते, त्यात काय वाजत होते ते मात्र कळत नाही. वास्तविक ही चित्रे अतिशय बोलकी आहेत. फक्त ती चेहऱ्यांनी बोलत नाहीत, हातांनी बोलतात. म्हणून नवख्या वाचकाने चेहऱ्यांचा नाद सोडून हातांपासून सुरुवात करावी, असे या लेखाचे सांगणे आहे.

सरावासाठी तीन चित्रे पुरेशी आहेत. पहिले तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयातील ‘राजवाड्यातील मैफल’, ज्याच्या चित्रकाराचे नाव ज्ञात नाही. दुसरे बीजिंगच्या राजप्रासाद संग्रहालयातील ‘हान शीझाय याची रात्रीची मेजवानी’, जे गू होंगझोंग या दरबारी चित्रकाराच्या नावावर आहे. तिसरे त्याच संग्रहालयातील ‘छिनश्रवण’, ज्यावर सम्राट हुइझोंग याच्या हातचे शीर्षक आहे. तिन्ही चित्रे मोठ्या आकारात संगणकावर पाहता येतात. ती मोबाइलवर पाहू नयेत, कारण बोटे आणि तारा दिसल्या नाहीत तर पुढचे सगळे निरर्थक आहे. जवळ एक वही असावी. चिनी नावांचे मराठी लेखन निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे आढळते. इथे वाचायला सोपे पडेल असे रूप घेतले आहे.

पहिली पायरी: काळ आणि पटाचा प्रकार

कालक्रम थोडक्यात सांगायचा तर तांग घराणे 618 ते 907, त्यानंतर राज्य फुटून झालेली पाच घराण्यांची धामधूम 960 पर्यंत, आणि पुढे सुंग घराणे 1279 पर्यंत. त्यातही 1127 मध्ये उत्तरेची राजधानी खाइफंग पडली आणि दरबार दक्षिणेला गेला. आपली तीन चित्रे याच क्रमाने या तीन काळांतील दरबार दाखवतात.

मात्र चित्रात दिसणारा काळ आणि रेशमावर ब्रश फिरला तो काळ एकच असेल, असे धरून चालू नये. चिनी परंपरेत उत्तम चित्राची प्रत करणे हे शिक्षणही होते आणि जतनही, त्यामुळे मूळ चित्र नष्ट होऊन तिसऱ्या पिढीतील प्रत तेवढी उरली, असे वारंवार घडलेले आहे. ‘रात्रीची मेजवानी’ दहाव्या शतकातील चित्रकाराच्या नावावर असली, तरी उपलब्ध पट ही सुंग काळातील प्रत असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘राजवाड्यातील मैफल’ या चित्रावर तर पूर्वी सुंगनंतरच्या युआन काळाची चिठ्ठी होती. बायकांची केशरचना, बसायची अर्धचंद्राकृती आसने, मोठ्या पात्रातून पळीने चहा वाढण्याची रीत अशा गोष्टी पाहून ते उत्तर तांग काळापर्यंत मागे नेण्यात आले. नावाच्या चिठ्ठीपेक्षा चित्रातल्या वस्तू अधिक खरे बोलतात.

पटाचे दोन मुख्य प्रकार आहेत. भिंतीवर टांगायचा उभा पट एका दृष्टिक्षेपात दिसतो. आडवी गुंडाळी मात्र टेबलावर ठेवून, उजव्या हाताने गुंडाळत आणि डाव्या हाताने उलगडत, एका वेळी हात पसरतील तेवढीच पाहायची असते. म्हणजेच ती उजवीकडून डावीकडे वाचली जाते. ‘रात्रीची मेजवानी’ ही 28.7 सेंमी उंच आणि 335.5 सेंमी लांब गुंडाळी आहे. संग्रहालयाच्या काचपेटीत किंवा छापील पुस्तकात ती सरळ पसरलेली दिसते आणि आपण मराठी वाचणारे सवयीने डावीकडून सुरुवात करतो. परिणामी पाहुणे आधी निरोप घेतात आणि मग मैफलीला येऊन बसतात. मीही हीच चूक केली होती.

दुसरी पायरी: वाद्ये ओळखणे

आता ‘राजवाड्यातील मैफल’ समोर घ्यावी. चित्र 48.7 सेंमी उंच व 69.5 सेंमी रुंद, म्हणजे वर्तमानपत्राच्या उघडलेल्या पानाहून थोडे लहान आहे. मोठ्या चौकोनी टेबलाभोवती दहा बायका बसलेल्या आहेत आणि दोन सेविका उभ्या आहेत. टेबलाखाली एक लहानसे कुत्रे पडलेले आहे. वहीत या बाराजणींना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकीच्या हातात काय आहे ते लिहावे. हे काम शाळकरी वाटेल, पण त्याला पर्याय नाही. चौघी वाजवत आहेत आणि पाचवी उभ्याने ताल धरून आहे, हे क्रमांक घातल्याशिवाय मलाही दिसले नव्हते.

उजवीकडून डावीकडे जाताना पहिले वाद्य पिली आहे. ही आखूड, उभी धरायची नळी असून तिच्या तोंडाशी जाडसर दुहेरी पत्ती असते. सनईशी तिचे नाते लगेच जाणवते, पण खालचे पसरट तोंड तिला नसते, त्यामुळे चित्रात ती साध्या बासरीसारखी भासते. फरक ओठांवरून कळतो: आडवी बासरी वाजवणाऱ्याचे ओठ नळीच्या कडेला टेकलेले असतात, पिली वाजवणाऱ्याने पत्ती तोंडात धरलेली असते.

दुसरे वाद्य पिपा. पेरूच्या उभ्या कापेसारखे अंग, आखूड मान, चार तारा, आणि खुंट्यांचा भाग मागे काटकोनात वळलेला. तांग काळात ती मांडीवर आडवी धरून मोठ्या, पंख्यासारख्या पसरट नखीने वाजवली जाई; आपल्या सरोदियाच्या हातातील जव्याच्या मानाने ही नखी कितीतरी मोठी असते. आज चीनमध्ये पिपा उभी धरून उजव्या हाताच्या बोटांनी वाजवतात आणि तिच्यावर तिसाच्या आसपास पडदे असतात. तांग काळातील पिपाला मानेवर चारच पडदे होते. बोटांनी वाजवण्याचे उल्लेख तांग काळातही सापडतात, त्यामुळे केवळ नखी दिसली म्हणून चित्राचा काळ ठरवता येत नाही. मात्र पिपा उभी धरलेली असेल आणि पडदे पार पोटापर्यंत उतरलेले असतील, तर चित्रकार बराच नंतरचा आहे हे नक्की.

तिसरे वाद्य चंग, आणि नवख्यांची सगळ्यांत जास्त गल्लत इथे होते. लांबट लाकडी खोक्यावर तारा ताणलेली दोन वाद्ये चिनी चित्रांत सतत दिसतात. चंगाच्या प्रत्येक तारेखाली वेगळी, सरकवता येणारी घोडी असते आणि तांग काळात तिला बहुधा तेरा तारा असत. छिन या दुसऱ्या वाद्याला सातच तारा असतात, घोड्या मुळीच नसतात, आणि बाहेरच्या कडेला शिंपल्याचे तेरा ठिपके जडवलेले असतात, जे स्वरांच्या जागा दाखवतात. छिनवर डावा हात तारेवरून घासत नेऊन मींड काढतात. आपल्याकडील विचित्रवीणा ऐकलेल्यांना हा नाद परका वाटणार नाही. मी कितीतरी दिवस प्रत्येक लांबट वाद्याला छिन म्हणत होतो. ही चूक केवळ नावाची नव्हती, कारण चंग हे मेजवानीचे वाद्य होते आणि छिन हे विद्वानाच्या एकांताचे. एकाच्या जागी दुसरे धरले की चित्राचा अर्थच उलटतो.

चौथे वाद्य शंग. वाटीसारख्या हवापात्रात बांबूच्या बारीक नळ्या उभ्या खोवलेल्या असतात आणि वाजवणारी ते दोन्ही तळव्यांत धरून फुंकते, त्यामुळे लांबून पाहिले तर ती ओंजळीत बांबूची जुडी घेऊन बसली आहे असे वाटते. प्रत्येक नळीत एक मोकळी कंप पावणारी पट्टी असते. आपल्या पेटीचे तत्त्व हेच आहे. श्वास आत ओढतानाही शंग वाजतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही.

उभ्या सेविकेच्या हातात लाकडी पट्ट्यांचा जुडगा आहे. पट्ट्या एका टोकाला दोरीने ओवलेल्या असून दोन्ही हातांनी त्या एकमेकींवर आपटतात. याला पाइपान म्हणतात. आपल्या डोळ्यांना त्या लांबलचक चिपळ्या वाटतील आणि कामही तसेच आहे, म्हणजे ठेका धरून सगळ्यांना एकत्र ठेवणे.

या पाच वाद्यांखेरीज इतर चित्रांत आडवी बासरी, गोल पोटाचे व सरळ मानेचे रुआन, छातीशी धरलेली उभी वीणा म्हणजे खुंगहोउ, लोखंडी पट्ट्यांच्या दोन रांगा टांगलेले फांगश्यांग आणि तऱ्हेतऱ्हेचे ढोल आढळतील. ते हळूहळू ओळखू येतात. आधी ही पाच पक्की करावीत.

तिसरी पायरी: हात वाचणे

वाद्य ओळखल्यावर हात पाहायचे. ही सूचना माझ्या मनाची नाही. अकराव्या शतकात शन क्वो (1031–1095) नावाचा एक बहुश्रुत अधिकारी होऊन गेला. गणित, खगोल, चुंबकसूची, संगीत, चित्रकला अशा सर्व विषयांवर त्याने टिपणे लिहिली. त्यातील दोन टिपणे आपल्या कामाची आहेत.

खाइफंगच्या श्यांगक्वो मंदिरात गाओ यी या चित्रकाराने वादकांचा ताफा रंगवलेली एक भिंत होती. जाणकार म्हणवणारे लोक तिच्यात एक चूक काढत. फुंकवाद्ये वाजवणाऱ्या सगळ्यांची बोटे एका विशिष्ट स्वरावर आहेत. तो स्वर पिपावर वरच्या तारेवर निघतो. मात्र चित्रातील पिपावादकाची नखी खालच्या तारेवर टेकलेली आहे, म्हणजे चित्रकार चुकला. शन क्वो म्हणतो, चूक चित्रकाराची नाही. नळीच्या वाद्यात बोट उचलले की स्वर निघतो, पण पिपात नखी तारेवरून पार गेली की स्वर निघतो. नखी खालच्या तारेवर येऊन थांबली आहे, याचा अर्थ ती नुकतीच वरच्या तारेवरून गेलेली आहे आणि वाजतो आहे तो वरच्याच तारेचा स्वर. गाओ यीने इतका विचार करून मांडणी केली होती, यावरून त्याच्या बुद्धीची कल्पना यावी.

हे टिपण वाचून पुन्हा चित्राकडे वळावे. आघात होण्यापूर्वीचा हात आणि आघातानंतरचा हात, यातला कोणता आपल्यासमोर आहे? सतार किंवा तबला थोडाफार शिकलेल्या माणसाला हे लवकर दिसते, कारण वाजवून झालेल्या हाताचा सैलपणा त्याच्या स्वतःच्या हाताला ठाऊक असतो. डाव्या हाताची बोटे तारेवर दाबलेली आहेत की नुसती टेकली आहेत, वादक एकमेकींकडे पाहत आहेत की पाइपानवालीकडे, एखादी अजून सूर जुळवते आहे का, हे प्रश्न वहीत प्रत्येक क्रमांकापुढे लिहावेत.

मात्र हाताच्या वाचनाला मर्यादा आहे, आणि ती सांगणारे दुसरे टिपण पहिल्याइतकेच मोलाचे आहे. तांग काळातील कवी आणि चित्रकार वांग वेई याच्याविषयी एक दंतकथा होती. वादकांचे एक चित्र पाहून तो म्हणाला की, ‘इंद्रधनुषी वस्त्र व पिसांचा झगा’ या प्रसिद्ध रचनेच्या तिसऱ्या आवर्तनाचा हा पहिला ठोका आहे. मग वादक बोलावून ती रचना वाजवून पाहिली, तर अगदी तसेच निघाले. शन क्वोने ही गोष्ट फेटाळून लावली. चित्रात एकच स्वर रंगवता येतो आणि तो स्वर कुठल्याही रचनेत असू शकतो, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक खमंग आहे: त्या रचनेची तेरा आवर्तने होती, त्यातील पहिली सहा ठेक्याविना असत, ठेका आणि नृत्य सातव्यापासून सुरू होई, मग तिसऱ्या आवर्तनात पहिला ठोका आला कुठून? ख्यालाच्या आलापीत कोणी सम दाखवू लागला तर आपण जसे हसू, तसाच हा प्रकार. एक अपवाद मात्र त्याने मोकळेपणाने मान्य केला. छिन वाजवणाऱ्याच्या एका चित्राविषयी लोक म्हणत की तो ‘क्वांगलिंग सान’ ही रचना वाजवतो आहे, आणि हे कदाचित खरे असेल, कारण त्या रचनेत काही नाद असे आहेत की ते इतर कुठल्याच रचनेत येत नाहीत.

चौथी पायरी: ऐकणारे कोण, वाजवणारे कोण

हात वाचून झाले की मग माणसांच्या पायऱ्या पाहायच्या. तांग दरबारात संगीताची दोन निराळी खाती होती. देवकार्य आणि राज्याचे विधी यांसाठीचे ‘शुद्ध’ संगीत, ज्यात घंटा आणि दगडी पट्ट्या टांगलेल्या चौकटी असत, ते विधिखात्याकडे होते. मेजवानीचे, नृत्याचे, परदेशी वळणाचे संगीत मुख्यतः च्यावफांग या संस्थेकडे होते. सम्राट शुआनझोंग (राज्यकाल 712–756) याने 714 मध्ये राजवाड्यात ‘नाशपातीची बाग’ म्हणून आपली खास संगीतशाळा सुरू केली आणि निवडक तीनशे वादकांना तो स्वतः शिकवी; चुकलेला स्वर त्याच्या कानातून सुटत नसे असे म्हणतात. आजही चीनमध्ये नाटकवाल्यांना ‘नाशपातीच्या बागेतले शिष्य’ म्हणतात.

मेजवानीच्या वादकांतही दोन वर्ग होते, सभागृहात बसून वाजवणारे आणि खाली अंगणात उभे राहून वाजवणारे. बसणाऱ्यांचा मान मोठा. कवी बाय जूयी याने यावर एक उपरोधिक कविता लिहिली आहे: बसणाऱ्यांत जो नालायक ठरे त्याला उभ्यांत ढकलत, उभ्यांतही जो निकामी ठरे त्याला देवकार्याच्या शुद्ध संगीताला लावत. कागदावर सर्वांत पवित्र मानलेले संगीत प्रत्यक्षात सर्वांत ढ वादकांच्या हाती होते, आणि चित्रकारही त्याच्या वाटेला फारसे गेले नाहीत. म्हणून वहीत ‘बसलेली’ की ‘उभी’ हा रकाना अवश्य ठेवावा. ‘राजवाड्यातील मैफली’त वाजवणाऱ्या चौघी पिणाऱ्यांच्याच रांगेत, त्याच टेबलाशी, तशाच आसनांवर बसलेल्या आहेत, उभी आहे ती पाइपानवाली. त्या पगारी कलावंतिणी नसून अंतःपुरातल्याच स्त्रिया आपसांत वाजवत असाव्यात, असे या बैठकीवरून माझे मत झाले आहे.

आता ‘रात्रीची मेजवानी’ उजवीकडून उलगडावी. पार्श्वभूमी अशी सांगतात: नानजिंगहून राज्य करणाऱ्या आणि 960 नंतरही काही वर्षे टिकलेल्या दक्षिण तांग घराण्याचा शेवटचा राजा ली यू (राज्यकाल 961–975) याच्या दरबारात हान शीझाय (902–970) नावाचा बुद्धिमान पण रंगेल अधिकारी होता. त्याच्या घरच्या रात्रींविषयी राजाच्या कानावर बरेच येई, म्हणून त्याने चित्रकार गू होंगझोंग याला तिथे पाठवले आणि पाहिलेले सगळे आठवणीने रंगवून आणायला सांगितले. म्हणजे हे चित्र एका अर्थाने हेराचा अहवाल आहे, आणि तो वाचताना आपण राजाच्या जागी बसलेलो असतो.

पाच प्रसंग आहेत आणि प्रत्येकात उंच काळी टोपी घातलेला दाढीवाला हान शीझाय शोधायचा आहे. पहिल्यात तो बैठ्या पलंगावर लाल झग्यातील एका तरुण अधिकाऱ्याशेजारी बसून पिपा ऐकतो आहे. वाजवणाऱ्या स्त्रीजवळ बसलेला पुरुष मान वळवून तिच्याकडे पाहतो. तो च्यावफांगचा उपप्रमुख ली ज्यामिंग असून वाजवणारी त्याची बहीण, असे परंपरा सांगते. सगळ्यांच्या नजरा तिच्या हातांवर खिळलेल्या आहेत आणि पडद्याआडून एक बाई डोकावते आहे. लाल झगा दुर्लक्षित करू नये: तांग नियमांत जांभळा रंग वरच्या तीन श्रेणींचा, लाल चौथ्या-पाचव्या श्रेणीचा, त्याखाली हिरवा आणि निळा असा क्रम होता, आणि पुढच्या घराण्यांनी तो थोड्याफार फरकाने चालवला. झग्याचा रंग म्हणजे माणसाचे पदच.

दुसऱ्या प्रसंगात हान शीझाय हाताच्या बाह्या सावरून लाल घोडीवर ठेवलेला मोठा ढोल दोन काड्यांनी वाजवतो आहे. निळ्या वेषातली वांग वूशान, अंगाने लहानखुरी, नाचते आहे. कोणी टाळ्यांनी तर कोणी पाइपानने ठेका धरला आहे. एक बौद्ध भिक्षूही तिथे उभा आहे. त्याचे हात जोडल्यासारखे छातीशी आहेत आणि नजर नाचणारीकडे नाही. सबंध गुंडाळीत मला हाच हात सर्वांत आवडतो. टाळी द्यावी की नमस्कार करावा हे त्या हाताला ठरवता आलेले नाही.

ढोल वाजवण्यात एवढे काय, असे वाटेल. पण दरबारी वादक समाजाच्या उतरंडीत खाली होते, त्यांची नोंदही सामान्य प्रजेहून वेगळी होई. राज्याचा मंत्री व्हायच्या योग्यतेचा माणूस नाचणारीला साथ करतो, ही राजाला कळवण्याजोगी बातमी होती. गंमत अशी की दोनशे वर्षांपूर्वी खुद्द सम्राट शुआनझोंग ज्येगू नावाचा दोन काड्यांचा ढोल वाजवण्यात पटाईत होता आणि त्याला तो सर्व वाद्यांचा नायक म्हणे. सम्राटाचा तो छंद ठरला आणि मंत्र्याचे ते व्यसन.

तिसऱ्या प्रसंगात विश्रांती आहे. हान हात धुतो आहे आणि एक बाई पिपा व बासऱ्या उचलून नेते आहे. वाद्य वाजत नसतानाही चित्रकाराने ते सोडलेले नाही. चौथ्यात तो खुर्चीवर उघड्या छातीने पंखा घेऊन बसला आहे आणि समोर पाच स्त्रिया ओळीने फुंकवाद्ये वाजवत आहेत. दुसऱ्या पायरीवर शिकलेले इथे तपासून पाहावे: दोघींच्या हातात आडव्या बासऱ्या आहेत, तिघींच्या हातात पिली. पाचव्यात पाहुणे पांगत आहेत, आणि निरोप देणाऱ्या हान शीझायच्या हातात ढोलाच्या काड्या अजून आहेत.

एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना मधे उभे पडदे येतात. ते भिंतीचे आणि प्रकरणबदलाचे काम करतात. रात्र आहे, पण अंधार कुठेही रंगवलेला नाही. चिनी चित्रकार सावली घालत नाही, त्यामुळे वेळ ओळखायची ती वस्तूंवरून.

पाचवी पायरी: शांत चित्र

‘छिनश्रवण’ मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण आधीच्या दोन चित्रांचा गलबला कानात असल्याशिवाय याची शांतता ऐकू येत नाही. 147.2 सेंमी उंचीचा हा उभा पट आहे. पाइन वृक्षाखाली साध्या ताओपंथी झग्यातील पुरुष छिन वाजवतो आहे. शेजारी उंच तिवईवर धूपपात्र आहे. समोर दोन अधिकारी बसले आहेत, एक लाल झग्यात मान खाली घातलेला, दुसरा हिरवट झग्यात वर पाहणारा, आणि जवळ एक पोरगा उभा आहे. शीर्षक सम्राट हुइझोंगच्या (राज्यकाल 1100–1126) बारीक, ताणलेल्या खास अक्षरांत आहे, आणि वरची कविता त्याचा मंत्री त्साय जिंग याची आहे. वादक म्हणजे स्वतः सम्राट आणि लाल झग्यातील माणूस म्हणजे त्साय जिंग, अशी पूर्वापार समजूत आहे. चित्र सम्राटाने काढले की त्याच्या चित्रशाळेने, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

इथे वादक वरच्या पायरीवर आहे आणि ऐकणारे खाली, ‘रात्रीच्या मेजवानी’च्या नेमके उलट. हे छिनमुळेच शक्य होते. पिपा कोणी वाजवायची आणि कोणी ऐकायची हे ठरलेले होते. छिन मात्र सुसंस्कृत माणूस स्वतः वाजवतो आणि ती समजणाऱ्या एखाद्यालाच ऐकवतो. प्राचीन वादक बो या याने आपला एकमेव खरा श्रोता वारल्यावर छिनच्या तारा तोडून टाकल्या, ही कथा चीनमध्ये सर्वांना ठाऊक आहे, आणि जिवलग मित्राला चिनी भाषेत आजही ‘सूर जाणणारा’ म्हणतात. सम्राट वाजवतो आणि मंत्री मान खाली घालून ऐकतो, यात मंत्र्याला ‘सूर जाणणारा’ ठरवण्याचे राजकारणही आहे. याच हुइझोंगने 1105 मध्ये राज्याचे विधिसंगीत नव्याने बसवले, ज्याच्या स्वरांचे माप खुद्द त्याच्या बोटांच्या लांबीवरून घेतले होते. बावीस वर्षांनी राजधानी पडली आणि तो कैदी म्हणून उत्तरेला नेला गेला. 1135 मध्ये तिथेच वारला.

पुढची वाट

ही तीन चित्रे पचल्यावर रेशमावरून भिंतीकडे वळावे. वायव्य चीनमधील दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांत क्रमांक 220 च्या लेण्यावर 642 सालची नोंद आहे, आणि त्याच्या उत्तर भिंतीवर भैषज्यगुरू बुद्धाच्या नंदनवनात गोल गालिच्यांवर गिरक्या घेणाऱ्या नर्तकी व त्यांच्या दोन्ही बाजूंना मोठा वाद्यवृंद आहे. स्वर्ग रंगवताना चित्रकारापुढे नमुना दरबाराचाच होता. क्रमांक 112 मधील, पिपा पाठीमागे धरून वाजवणारी नर्तकी तर त्या शहराची ओळखच बनली आहे. छंगदू येथील वांग ज्यान या राजाच्या 918 मधील समाधीत शवपेटीच्या ओट्याभोवती बावीस वादक व दोन नर्तकी कोरलेल्या आहेत; क्रमांक घालून सराव करायला याहून चांगली जागा नाही.

आपल्याकडच्या वाचकाला या वाटेवर ओळखीच्या खुणाही भेटतात. तांगच्या आधीचे सुई घराणे आणि तांग यांच्या दरबारांनी मान्य केलेल्या संगीताच्या विभागांत एक ‘थ्येनचू’ म्हणजे भारतीय संगीताचा होता. 568 मध्ये तुर्क राजकन्येच्या लव्याजम्याबरोबर मध्य आशियातील कुचाहून सुजीव नावाचा पिपावादक चीनमध्ये आला. त्याने सांगितलेल्या सात स्वरपद्धतींची चिनी लिप्यंतरे अभ्यासक षड्ज, पंचम, कैशिक, साधारित या आपल्या संज्ञांशी जोडतात. भारतीय विभागात पक्ष्याच्या डोक्याची धनुष्याकृती वीणा असे. त्या जातीची वीणा पाहायला लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यातील विहाराची ओसरी गाठावी, जिथे दरबारी दृश्यात ती नर्तकीच्या साथीला कोरलेली आहे.

आणि चित्रातले वाद्य खरोखर कसे होते हे तपासायचे असेल, तर जपानमधील नारा येथील शोसोइन या भांडारातील वस्तू पाहाव्यात. सम्राट शोमूच्या मृत्यूनंतर 756 मध्ये सम्राज्ञीने मंदिराला अर्पण केलेल्या वस्तूंत तांग घडणीची वाद्ये आहेत, त्यांत एक पाच तारांची सरळ मानेची पिपा आहे. या जातीच्या वाद्याचे मूळ भारतात असल्याचे मानले जाते, आणि त्या काळातले असे दुसरे वाद्य जगात उरलेले नाही. नखीचा आघात बसतो त्या जागी कासवाच्या पाठीची पट्टी लावलेली असून तिच्यावर शिंपल्याच्या तुकड्यांनी एक उंटस्वार जडवला आहे. उंटावर बसून तोही पिपा वाजवतो आहे. छायाचित्र मोठे करून आधी त्याचा उजवा हात शोधावा.